नागपुरात दिव्यांगांच्या दाव्यासाठी वकील: कुठे पैसे वाया जातात, कुठे उशीर महागात पडतो

आधी निकाल, मग कारणं. निराधारचं अनुदान आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी वकील लावू नका, फी वाया जाईल. कारखान्यातला अपघात, रस्त्यावरचा अपघात आणि अपंगत्व आलं म्हणून गेलेली नोकरी, या तिन्हींत मात्र वकिलाकडे उशिरा जाणं महागात पडतं. आपला दावा नेमका कुठे मोडतो हेच कळत नसेल, तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. तिथे सल्ल्याला पैसे पडत नाहीत. दिव्यांग व्यक्तीला तर तिथे वकीलही मोफत मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो.

या कामासाठी शहरात तीन तऱ्हेचे लोक भेटतात: कचेऱ्यांच्या आवारात 'काम करून देतो' म्हणणारे एजंट, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील आणि खाजगी वकील. एजंटांचा निकाल एका ओळीत लागतो. जे फॉर्म सेतू केंद्रात किंवा घरच्या मोबाइलवर भरता येतात त्यांचेच ते पैसे घेतात, आणि 'टक्केवारी वाढवून देतो' असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ नुसार खोट्या मार्गाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कागद पकडला जातो तेव्हा एजंट समोर नसतो, लाभार्थी असतो.

मोफत वकील: किती कामाचा?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत साहाय्याला पात्र लोकांची यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इथे एक अडचण हमखास येते. अपघात ताजा असतो, अपंगत्वाचं प्रमाणपत्र अजून हातात नसतं, आणि 'दिव्यांग म्हणून पात्र ठरवायला कागद आणा' असं ऐकावं लागतं. अशा वेळी अर्जात 'औद्योगिक कामगार' किंवा जो दुसरा गट लागू असेल तो लिहावा. प्रमाणपत्राची वाट पाहत मुदत घालवू नये.

अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत आधारची झेरॉक्स, प्रमाणपत्र किंवा डिस्चार्ज कार्ड आणि तक्रार काय आहे ते चार ओळींत. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि फॉर्म भरण्यासारख्या कामाला विधी स्वयंसेवक मिळू शकतो. मंजुरी मिळाली की वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्च प्राधिकरणाकडे जातो. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. मागितलेच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. वकील बदलून मागता येतो.

उणीव कुठे आहे? पॅनेलवर सगळ्या तऱ्हेचे वकील असतात. आयुष्यभर भाडेकरू आणि वाटणीचे दावे चालवलेल्या वकिलाच्या हाती कामगार भरपाईचं प्रकरण आलं तर तो अर्ज नीट लिहील, पण डॉक्टरला साक्षीला कधी बोलवायचं, उलटतपासणीत काय येईल, हे त्याला तिथेच शिकावं लागतं. म्हणून अर्जातच लिहा: 'अपंगत्व भरपाई, कामगार न्यायालय' किंवा 'मोटार अपघात दावा', आणि त्या कामाचा अनुभव असलेला वकील मिळावा. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाणार असेल तर तिथली विधी सेवा उपसमिती वेगळी आहे. जिल्ह्याच्या कार्यालयातून तो वकील मिळत नाही.

आमच्या मते या सेवेला पाचपैकी चार. एक गुण या अनुभवाच्या जुगारासाठी कापला.

वकील नको: निराधार आणि युडीआयडी

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये मिळतात. अपंगत्व किमान ४० टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास, आणि अर्ज तहसीलकडे. नाकारले जाणारे अर्ज बहुतेक तीन गोष्टींवर अडतात. उत्पन्नाचा दाखला मर्यादेच्या वर निघतो, कारण त्यात घरातल्या कमावत्या मुलाचं उत्पन्न धरलेलं असतं. आधार, प्रमाणपत्र आणि बँक पासबुक यांवरची नावं जुळत नाहीत. किंवा अर्ज मंजूर असतो, पण खातं आधारशी जोडलेलं नसल्याने डीबीटीचे, म्हणजे थेट खात्यात येणारे, पैसे परत जातात. यातल्या एकाही गोष्टीवर वकिलाकडे इलाज नाही. तिसऱ्यासाठी बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' करून घ्यावं लागतं. नुसतं केवायसी पुरत नाही, आणि बँकेच्या काउंटरवर या दोन्हींची गल्लत फार होते. चालू अनुदान अचानक थांबलं तर आधी हयातीचा दाखला दिला होता का ते पाहा.

अर्ज का अडला हे कोणी सांगत नसेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा: अर्ज कोणत्या तारखेच्या बैठकीत ठेवला, काय निर्णय झाला, कोणत्या कारणाने. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. हे उत्तर म्हणजेच लेखी नकार. तो हाती येईपर्यंत वकिलाला आव्हान द्यायला काही नसतं, फक्त फी घ्यायला असतं.

युडीआयडीचंही तेच. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात तपासणी, मग कार्ड. पांढरं कार्ड म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली, पिवळं ४० ते ८० च्या दरम्यान, निळं ८० आणि त्यावर. टक्केवारी कमी लागली की लोक थेट वकील शोधतात, पण हा वाद आधी वैद्यकीय असतो. ऐकू न येण्याचा ऑडिओग्राम जुना होता का, बौद्धिक अक्षमतेत बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल जोडला होता का, डोळ्यांच्या बाबतीत दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली का, दोन अवयव बाधित असताना एकच मोजला गेला का, हे आधी तपासा. नवे अहवाल घेऊन कलम ५९ खालचं अपील स्वतःच करता येतं. वकील तेव्हाच, जेव्हा अपीलही कारण न देता फेटाळलं जातं किंवा त्या विषयाचा तज्ज्ञ न बसवताच टक्केवारी ठरवलेली असते. मग तो विषय रिट याचिकेचा, म्हणजे खंडपीठाचा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. या कामालाही वकील लागत नाही.

वकील लगेच: कामावरचा अपघात

खरा पैसा आणि खरा धोका इथे आहे. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत प्रेस मशीनमध्ये हात गेला की पहिला प्रश्न हा असतो: कामगार ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या विम्यात, होता का? पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का ते पाहा. विमा असेल तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. कायम अपंगत्वाचा मासिक लाभ महामंडळ देतं, आणि कमाईची क्षमता किती गेली ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. मालकाने अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, पाठवलाच नाही तर पुढचं सगळं अडतं. म्हणून त्याची पोच पहिल्या आठवड्यातच मागा. या टप्प्यावर वकील नको. मंडळाची टक्केवारी पटली नाही, किंवा 'अपघात कामावर झालाच नाही' असं म्हटलं गेलं, की मात्र वकील हवा, कारण तो वाद पुढे कर्मचारी विमा न्यायालयापर्यंत जातो.

विमा नसेल तर मालकाकडून भरपाई. इथे आज एक नवी गुंतागुंत आहे. आधी १९२३ चा कर्मचारी भरपाई अधिनियम होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. अपघाताची तारीख कुठली, त्यावर कोणता कायदा लागेल हे ठरतं. भेटलेल्या वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. त्याला यावर सरळ उत्तर देता आलं नाही तर दुसरा वकील बघा.

हिशेबाची रीत जुन्या कायद्याच्या आकड्यांवर पाहू. मासिक वेतन कितीही असलं तरी १५ हजारांपर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वय ३५ असेल तर गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०, ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेला तर कायद्याला जोडलेल्या दुखापतींच्या यादीप्रमाणे, म्हणजे अनुसूचीप्रमाणे, ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२ रुपये. हा आकडा हातात असल्याशिवाय मालकाशी तडजोडीची गोष्ट बोलू नका. ठेकेदार पन्नास हजारांचा चेक आणि शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'आता काही मागणं नाही' असं लिहून घेतो, हा ठरलेला प्रकार आहे. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि तडजोडीची नोंद कामगार भरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते. पण सही झाली की पुढची लढाई लांबते. म्हणून वकिलाला भेटायची योग्य वेळ सहीच्या आधीची. ठेकेदार गायब झाला तरी हरकत नाही, मूळ कंपनीलाही पक्षकार करता येतं.

पैसे एका महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि मुद्दलाच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो. व्याज मिळतं, दंड बऱ्याचदा हुकतो, कारण अर्जात तो मागितलेलाच नसतो. मसुदा दाखल होण्याआधी हे एक वाक्य त्यात आहे का ते स्वतः वाचा.

मुदत दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण 'मालक देतो म्हणत होता' हे कारण सिद्ध करायला काहीतरी लेखी लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पुसू नका.

दुखापत अनुसूचीत नसेल, उदाहरणार्थ कंबरेचा मणका किंवा खांदा, तर कमाईची क्षमता किती गेली हे डॉक्टरला सांगावं लागतं, आणि तेही साक्षीत. ही प्रकरणं बहुधा इथेच पडतात. मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं, पण ते सिद्ध करायला डॉक्टर येत नाही. समोरचा वकील म्हणतो की ४० टक्के फक्त पायाचे आहेत, अख्ख्या शरीराचे नाहीत, आणि रक्कम अर्ध्यावर येते. म्हणून वकिलाला स्पष्ट विचारा: डॉक्टरला समन्स कोण काढणार, त्याचा खर्च फीमध्ये धरला आहे की वेगळा?

रस्ता आणि रेल्वे

मोटार अपघात दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. दवाखान्यात दोन महिने, घरी पडून तीन, की झालंच. अपघात समृद्धी महामार्गावर जालन्याजवळ झाला तरी दावेदार नागपूरला राहत असेल तर दावा इथल्या न्यायाधिकरणात टाकता येतो. हे ठाऊक नसल्याने लोक उगाच परगावचे वकील करतात.

या दाव्यात समोर विमा कंपनीचा रोज तेच काम करणारा वकील असतो. एकट्याने जाऊ नये, याचं हे सगळ्यात मोठं कारण. दुसरं कारण टक्केवारीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सांगितलं की अवयवाची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २८ वर्षांच्या ट्रकचालकाचा पाय गेला, प्रमाणपत्रावर ६० टक्के, पण गाडी तर तो पुन्हा चालवणार नाही. महिना १५ हजार कमाई आणि त्या वयाचा १७ चा गुणक धरला, तर ६० टक्क्यांनी १८,३६,००० होतात आणि १०० टक्क्यांनी ३०,६०,०००. भविष्यातली वाढ, उपचार, कृत्रिम पाय हे वेगळे. हा बारा लाखांचा फरक वकिलाच्या एका युक्तिवादावर आणि मालकाच्या एका साक्षीवर असतो. चालक कंपनीच्या गाडीवर होता तर कामगार भरपाई किंवा मोटार दावा यांतलं एकच निवडता येतं. दोन्ही आकडे काढून दाखवणारा वकील चांगला.

रेल्वे दावा न्यायाधिकरणाचं खंडपीठ नागपुरातच आहे. मुदत एक वर्ष. तिकीट किंवा पास जपा, वादाचा मोठा भाग 'प्रवासी होता की नाही' यावरच असतो.

नोकरी आणि विमा

नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचारी काढता किंवा पदावनत करता येत नाही, हे २०१६ च्या कायद्याचं कलम २०(४). काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पद. सक्तीने राजीनामा किंवा 'वैद्यकीय निवृत्ती'च्या फॉर्मवर सही मागितली जात असेल तर त्याच दिवशी वकील. राज्य कर्मचाऱ्यांसाठी प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ नागपुरात आहे, आणि एक वर्षाच्या आत जावं लागतं.

विमा कंपनीने अपघाती अपंगत्वाचा दावा नाकारला तर आधी विमा लोकपाल. तिथे फी नाही आणि वकिलालाही प्रवेश नाही. नकारापासून एका वर्षात अर्ज करायचा. ग्राहक आयोगात मात्र दोन वर्षांची मुदत आहे आणि मोठ्या रकमेसाठी वकील उपयोगी पडतो. वर्षाला २० रुपयांच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख. यासाठी वकील लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

खाजगी वकील निवडताना

'निकाल लागला की २५ टक्के द्या' अशी बोली सर्रास चालते, विशेषतः मोटार दाव्यांत. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मनाई आहे. गरीब माणसाला ही बोली सोयीची वाटते, हे खरं. पण जो दावा सोपा आहे आणि विमा कंपनी तसाही देणार आहे, त्यातही चौथा हिस्सा जातो. त्यापेक्षा टप्प्यांनी फी ठरवा: दाखल करताना इतके, पुराव्याला इतके, युक्तिवादाला इतके, आणि प्रत्येकाची पावती. खंडपीठातलं अपील यात नाही, हे आधीच बोलून घ्या.

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही नको. वकीलपत्रावर सही करताना पक्षकारांची नावं भरलेली आहेत ना, ते पाहा. मूळ प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे स्वतःकडे ठेवा, वकिलाला झेरॉक्स द्या. न्यायालयात मूळ दाखल करायचंच असेल तर यादीवर पोच घ्या. रक्कम स्वतःच्या खात्यातच येईल असं पाहा.

लोकअदालतीत बसवलं जात असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आकडा मान्य असेल तर ती उत्तम सोय, कोर्ट फीही परत मिळते. मान्य नसेल तर 'तडजोड नाही' म्हणायचा पूर्ण हक्क आहे, आणि प्रकरण पुन्हा मूळ न्यायालयात चालतं.

जिल्हा न्यायालयातल्या प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो मागून घ्या आणि ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, हे स्वतः बघा. लागोपाठ तारखांना 'पुराव्यासाठी' आणि साक्षीदार गैरहजर असंच दिसत असेल तर वकिलाला लेखी विचारा. वकील बदलायचा झाला तर आधीच्याची ना-हरकत घ्यावी लागते. फी थकली म्हणून तो कागद अडवत असेल तर न्यायालयात अर्ज देऊन परवानगी मागता येते, आणि गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाते.